आकाशाचे चित्र आणि चित्राबाहेरचा माणूस

श्रोतेहो, कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने आकाशात उडणाऱ्यांच्या छायाचित्रांवर बोलावयास उभे राहावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हौसेने विमान चालविणे, ग्लायडर तरंगविणे, हवाई छत्री पाठीला बांधून उडी घेणे हे छंद पैसेवाल्यांचे. त्यांची चित्रे काढणे हा तर छंदावरचा छंद! मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसाचा ह्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. आमचे उत्तर असे की संबंध आहे आणि तो जवळचा आहे. आकाशातल्या प्रत्येक चित्रामागे एक तरी माणूस असा असतो, की जो चित्रात दिसत नाही. तो नसता तर उड्डाण झाले नसते, किंवा झालेले उड्डाण कोणास पटले नसते. इतिहासाने त्याचे नाव क्वचितच लिहिले. आज त्या माणसाचा माग काढावयाचा आहे.

आरंभ आपल्या मुंबईपासूनच करू. शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी १८९५ साली चौपाटीवर मनुष्याविना विमान उडवून दाखविले, अशी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. २०१५ साली तीवर हिंदी चित्रपटही निघाला. कथा मराठी मनाला सुखावणारी आहे. पण त्या दिवसाचे एकही छायाचित्र आपल्यापाशी नाही. मुंबईत त्या काळी कॅमेरे नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली, म्हणजे त्या कथेच्या चाळीस वर्षे आधी, स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी ही कथा जोडली जाते, त्या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली तपासणी केली. त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला. तळपद्यांच्या जिद्दीला आम्ही कमी लेखत नाही. परंतु अभिमान ही एक गोष्ट आणि साक्ष ही दुसरी. चौपाटीवर जे काही घडले असेल, त्याला साक्षीदार राहिला नाही.

आता दुसरे दृश्य पाहा. १७ डिसेंबर १९०३. अमेरिकेतील किटी हॉकजवळचा वाळूचा किनारा, कडाक्याची थंडी आणि सोसाट्याचा वारा. ऑरव्हिल आणि विल्बर हे राईट बंधू आपले यंत्र घेऊन उभे आहेत. दोघेही व्यवसायाने सायकलवाले; दोघांनाही छायाचित्रणाची हौस. ऑरव्हिलने आपला काचेच्या पट्टीचा कॅमेरा तिकाटण्यावर रोखून ठेवला आणि त्याचा रबरी फुगा एका माणसाच्या हातात दिला. यंत्र रुळावरून सुटले की हा दाब, एवढेच त्याला सांगितले. ह्या माणसाचे नाव जॉन डॅनिएल्स. बुडत्या जहाजावरच्या लोकांना वाचविण्यासाठी किनाऱ्यावर जे सरकारी ठाणे होते, त्यातला तो पगारी नोकर. त्याने जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. यंत्र उडाले ते बारा सेकंद, अंतर कापले एकशेवीस फूट. डॅनिएल्स इतका थक्क झाला की फुगा दाबला की नाही, हेही त्याला धड आठवेना. राईट बंधूंनी डेटनला घरी परतल्यावर अंधाऱ्या खोलीत काच धुतली, तेव्हा कळले की त्याने दाबला होता, आणि नेमक्या क्षणी दाबला होता.

श्रोतेहो, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रांत गणले जाणारे हे चित्र एका साध्या नोकराने घेतलेले त्याचे पहिले चित्र आहे. चित्रात यंत्र आहे, यंत्रावर पालथा पडलेला ऑरव्हिल आहे, बाजूला धावता धावता थबकलेला विल्बर आहे. डॅनिएल्स कोठे आहे? तो आपल्या जागी उभा आहे; म्हणजे जेथे उभे राहून आपण चित्र पाहतो, तेथेच. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने ते यंत्र उलथविले. ते धरू पाहणारा डॅनिएल्स त्यात अडकून फरफटत गेला आणि जखमी झाला. यंत्रबळावर उडणाऱ्या विमानाचा पहिला अपघातग्रस्त माणूसही तोच. मान उडणाऱ्याचा आणि मार जमिनीवरच्याचा, ही रीत अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

त्या काळी हौशी छायाचित्रणाचे दोन प्रवाह वाहत होते. एक श्रीमंतांचा. फ्रान्समध्ये झाक लार्तिग नावाचा, १८९४ साली जन्मलेला मुलगा होता. वडिलांनी त्याला लहानपणीच कॅमेरा दिला. १९०८ च्या सुमारास त्याचा थोरला भाऊ घरच्या आवारात लाकूड-कापडाची उडती यंत्रे बनवी, पळत जाऊन हवेत झेप घेई आणि बहुधा आपटे. धाकटा ते टिपून ठेवी. ही घरगुती चित्रे १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडली गेली आणि लार्तिग साठी उलटल्यावर प्रसिद्ध झाला. दुसरा प्रवाह सामान्यांचा. ईस्टमनच्या कोडॅक कंपनीने १९०० साली एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा काढला आणि चित्र काढणे हे शिकलेल्या कारागिराचेच काम उरले नाही. तथापि ह्या दोन प्रवाहांत एक अंतर राहिले. ते पैशाचे होतेच, शिवाय वेगाचेही होते. कसे ते सांगतो.

आपल्याकडे पुढे घरोघर गेला तो आग्फाचा क्लिक थ्री हा बडोद्याला तयार होणारा कॅमेरा. एका रिळात बारा चौकोनी चित्रे. बारसे, मुंज, सहल, गणपती ह्यांना तो उत्तम. अशा साध्या कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास उघडा राहतो. आता ताशी १८० किलोमीटर वेगाचे छोटे विमान घ्या. ते सेकंदाला ५० मीटर जाते. पडदा सेकंदाचा चाळिसावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात विमान सव्वा मीटर पुढे सरकते आणि चित्रात उमटतो तो पुसटसा फराटा. तेच चित्र सेकंदाच्या हजाराव्या भागात घेतले, तर विमान अवघे ५ सेंटिमीटर हलते आणि पंखावरची अक्षरे वाचता येतात. पण हजारावा भाग मोजणारा कॅमेरा कामगाराच्या मिळकतीत बसणारा नव्हता. म्हणून गरिबाच्या कॅमेऱ्यात उभे विमान आले, उडते विमान आले नाही. ज्याला उडणे परवडत नव्हते, त्याला उडण्याचे चित्रही परवडले नाही.

जुहूचा इतिहास ह्याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९२८ साली जुहूच्या सपाटीवर विमानतळ झाला आणि त्याच साली बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. हौसेने उडणाऱ्यांची आपल्याकडची ही पंढरीच. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी येथेच वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याचा क्रमांक १ होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून पुस मॉथ जातीच्या एका इंजिनाच्या विमानात टपाल घेऊन जुहूला उतरले आणि हिंदी हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच मार्ग पुन्हा तशाच जुन्या विमानातून कापला. ह्या कर्तबगारीपुढे आम्हीही मान लववितो. पण त्या काळच्या मॉथ विमानांची चित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या क्लबांतल्या जिप्सी मॉथला आपोआप सुरू होण्याची सोय नव्हती. कोणीतरी पुढे उभे राहून लाकडी पंखा हाताने फिरवावा लागे आणि इंजिन पेटताच झटकन मागे सरावे लागे. क्षणाचा उशीर म्हणजे हात तुटला. चाकांखालचे अडसर ओढणारा आणखी एक. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरे आणि टाटांच्या टपाल विमानांचा मुक्काम पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. तेथला सारा संसार उचलून नेणारे हात कोणाचे, हे छायाचित्रे सांगत नाहीत.

पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राची गोष्ट अशीच. ग्लायडरला इंजिन नसते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मोठे रहाट असते, त्याला विंच म्हणतात. त्यावर पोलादी दोर गुंडाळला जातो आणि पतंगाला ओढ द्यावी तसा ग्लायडर वर चढतो. सुटण्यापूर्वी एक जण पंखाचे टोक उचलून धरतो आणि चार पावले बरोबर धावतो. विंचवाल्याने ओढ जरा जास्त दिली तरी संकट, जरा कमी दिली तरी संकट. वर गेलेल्याचे प्राण त्याच्या मुठीत असतात. आणि चित्र? निळ्या आकाशात पांढरा ग्लायडर, एवढेच.

आता हवाई छत्रीकडे, म्हणजे पॅराशूटकडे वळू. १७९७ साली गार्नरँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसमध्ये बलूनमधून छत्रीच्या आधाराने उडी घेतली, तेव्हापासून हा खेळ चालू आहे. आपल्याकडे हवाई दलातील डॉक्टर गीता चंदा ह्यांनी १९५९ साली उडी घेतली आणि त्या पहिल्या भारतीय स्त्री छत्रीधारी सैनिक ठरल्या. नागरी हौशी उडीत पहिले नाव रेचेल थॉमस ह्यांचे. १९७९ साली त्यांनी पहिली उडी घेतली आणि २००२ साली उत्तर ध्रुवावर सात हजार फुटांवरून. ह्या बाई रेल्वेत नोकरीला होत्या, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण अंबरनाथ-बदलापूरच्या श्रोत्यांना रेल्वेची नोकरी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर आपल्या पुण्याच्या शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांच्या थंडीत, त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी घेतली. २००६ साली अंटार्क्टिका, २०११ साली पद्मश्री, २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी आणि २०२३ साली एव्हरेस्टसमोर साडेएकवीस हजार फुटांवरून उडी.

नऊवारीतल्या उडीचे चित्र घरोघर पाहिले गेले. अशा चित्रांपाशीच आम्हाला क्षणभर थांबावयाचे आहे. उडी घेणारा माणूस आपल्याला समोरून दिसतो, त्याच्या चेहऱ्यावरचे हसू दिसते, मागे ढग दिसतात. हे चित्र घेतले कोणी? जमिनीवरून असे चित्र येत नाही. विमान तर केव्हाच वर राहिले. म्हणजे त्याच क्षणी, तितक्याच उंचीवर, तितक्याच वेगाने दुसरा एक माणूस खाली कोसळत होता. चित्रात दिसतो एक. हवेत होते दोन.

ह्या दुसऱ्या माणसाचे काम समजून घेण्यासारखे आहे. तेरा हजार फुटांवरून उडी घेतली की छत्री उघडेपर्यंत मिनिटभर मिळते. दहा-बारा सेकंदांत वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात पोचतो आणि तेथे स्थिर होतो. जड माणूस लवकर खाली जातो, हलका मागे राहतो. म्हणून छायाचित्रकाराच्या अंगरख्याला काखेपासून कमरेपर्यंत कापडी पंख शिवलेले असतात. हात पसरला की वेग कमी, मिटला की जास्त. हात असे गुंतलेले, म्हणून कॅमेरा शिरस्त्राणावर बसविलेला, डोळ्यासमोर नेम धरण्याची कडी, आणि चित्र घेण्याची कळ दातांत किंवा जिभेखाली. मान वळेल तिकडे कॅमेरा वळणार. छत्री उघडताना जो हिसका बसतो, तो कॅमेऱ्याच्या वजनासह मानेवर बसणार. अमेरिकेतल्या उडीबाजांच्या संघटनेची शिफारस आहे की दोनशे उड्या होईपर्यंत कोणी कॅमेरा बरोबर घेऊ नये. कॅमेरा आता काडेपेटीहून थोडासाच मोठा झाला आहे. आपल्या गावाला काडेपेटीचे माप सांगावयास नको. पण शिफारस कायम आहे. कारण धोका वजनापेक्षा लक्ष दुसरीकडे जाण्यात आहे.

त्याचा दाखला दुःखद आहे. १९८८ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात आठशेंवर उड्या घेतलेला एक अनुभवी माणूस शिकाऊ उमेदवाराचे चलच्चित्र घेण्यासाठी विमानातून बाहेर पडला. चित्रणाची जड यंत्रसामग्री त्याच्या अंगावर बांधलेली होती. छत्री त्याने घेतलीच नव्हती. अंगावरच्या सामग्रीच्या ओझ्यामुळे छत्री असल्याचा भास झाला असावा, असा तर्क त्या वेळी करण्यात आला. ही हकीकत पुष्कळ लोक वेंधळेपणाची म्हणून सांगतात. आम्ही ती कामगाराच्या नजरेने वाचतो. विमानात चढण्यापूर्वी उडी घेणाऱ्याची छत्री दुसऱ्या माणसाने तपासावी असा परिपाठ असतो. उडणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष असते. चित्र घेणाऱ्याकडे पाहण्याची जबाबदारी कोणाची? जो दिसत नाही, त्याची तपासणी राहून जाते. आमच्या कारखान्यांतही हेच होते. मुख्य कामगाराला सुरक्षेचे बूट मिळतात. साफसफाईला आलेल्या कंत्राटी पोराला मिळत नाहीत.

छत्रीचीही गोष्ट तीच. ती आकाशातून पडत नाही; शिवली जाते आणि घडी घातली जाते. आपल्या अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे एक भावंड कानपूरला आहे, छत्र्यांचा सरकारी कारखाना, १९४१ सालचा. २०२१ साली ऑर्डनन्स कारखान्यांची वाटणी सात कंपन्यांत झाली, तेव्हा तो 'ग्लायडर्स इंडिया' ह्या कंपनीकडे गेला. तेथल्या शिवणयंत्रावरचा एक टाका सुटला, तर हजारो फुटांवर काय होईल ह्याचा विचार करा. वरचे धैर्य खालच्या शिलाईवर टांगलेले असते.

हौशी माणसाने सहज घेतलेल्या चित्राचे मोल आम्हाला चळवळीत कळले. एका कारखान्यात यंत्रात सापडून एका कामगाराची बोटे गेली. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. चौकशीला अधिकारी आले, तेव्हा यंत्राभोवती नवी कोरी जाळी बसलेली. जाळी पहिल्यापासून होती, कामगारानेच ती काढली, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. तेव्हा एका फिटरने घरून एक छायाचित्र आणले. दसऱ्याच्या यंत्रपूजेचे ते चित्र, झेंडूच्या माळा, नारळ आणि हसणारी बारा माणसे. मागे तेच यंत्र, आणि जाळीचा पत्ता नाही. कोपऱ्यात तारीख. बाईंना भरपाई मिळाली, कारण तो कामगार बोलण्याच्या अवस्थेत नसताना त्याची बायको आमच्याबरोबर ते चित्र घेऊन उभी राहिली. फिटरने ते पुरावा म्हणून काढलेले नव्हते. डॅनिएल्सनेही फुगा दाबला तो इतिहासासाठी नव्हे.

चित्रात अशी शक्ती असते म्हणूनच सत्ता तिच्याकडे जपून पाहते. १९३७ सालच्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास बंदी घातली. साम्राज्याच्या काळचा हा नियम स्वातंत्र्यानंतरही राहिला. देशाच्या संरक्षणाचा प्रश्न खरा आहे, तो आम्ही झटकून टाकीत नाही. परंतु परिणाम असा झाला की दोन-तीन पिढ्या सामान्य माणसाने आपला देश वरून पाहिला, तरी टिपला नाही. साध्या प्रवासी विमानातल्या उतारूंना खिडकीतून चित्र घेण्याची मोकळीक मिळाली ती २००४ साली. २०२१ च्या ड्रोन नियमांनी अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला वैमानिकाच्या परवान्याची अट ठेवली नाही. आज उल्हासनगरात लग्नाच्या मांडवावर ड्रोन भिरभिरतो आणि वरातीचे चित्र घारीच्या नजरेने येते. जे लार्तिगच्या घरी होते, ते शंभर वर्षांनी आपल्या आळीत आले.

मग ह्या नजरेने काय पाहावे? आपल्या उशाशीच एक ठिकाण आहे. मलंगगडाकडे जाताना नेवाळी लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने तेथे विमानांची धावपट्टी बांधली आणि त्यासाठी आसपासच्या गावांची सोळाशेहून अधिक एकर जमीन घेतली. त्याच युद्धाने शेजारी कल्याण कँप वसविला. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तेथे आले आणि १९४९ साली त्याचे उल्हासनगर झाले. युद्ध संपले, विमाने गेली आणि शेतकऱ्यांनी पुन्हा नांगर धरला. जमीन नौदलाची की शेतकऱ्याची, हा वाद मात्र संपला नाही. कुंपणाच्या भिंतीचे काम सुरू झाले तेव्हा, २२ जून २०१७ रोजी, तेथे आंदोलन पेटले. गाड्या जळल्या, माणसे जखमी झाली. जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण त्या दिवशीची चित्रे देशभर छापली गेली, त्यांत धूर होता. त्याआधीच्या सत्तर वर्षांतली भाताची खाचरे, बांध आणि लावणी करणाऱ्या बाया त्यांत नव्हत्या. ती चित्रे कोणी घेतली असतील, तर ती गावातल्या पेट्यांतच पडून असतील.

विमान जमिनीवरून उडते, आणि ती जमीन कोणाची तरी असते. उडी घेणाऱ्याच्या धैर्याला आमचा सलाम आहे. पण ज्याने पंखा फिरविला, दोर ओढला, छत्री शिवली, दातांत कळ धरून बरोबर उडी घेतली, आणि ज्याच्या शेतावर धावपट्टी आली, त्या सर्वांना धरूनच उड्डाणाचा इतिहास पुरा होईल.

तेव्हा आमची विनंती छोटी आहे. आपल्या घरी जुनी छायाचित्रे असतील. कारखान्याची, शेताची, कोणा नातेवाइकाने विमानाजवळ उभे राहून काढविलेली. ती काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीने, शाईने नव्हे, कारण शाई कागदातून उमटते, तारीख लिहा, ठिकाण लिहा आणि चित्रातल्या प्रत्येकाचे नाव लिहा; कडेला अर्धा दिसणाऱ्याचेसुद्धा. मोबाइलमधल्या चित्रांचीही अशीच नोंद ठेवा, कारण हरवले की ती पेटीतल्या चित्रांपेक्षा लवकर हरवतात. आणि शेवटी एक ओळ अधिक लिहा : चित्र कोणी घेतले. ही ओळ लिहिली जाण्यास पाच सेकंदही लागत नाहीत. राईट बंधूंचे उड्डाण बारा सेकंदांचे होते.